अय्यांच्या मागं बसून

"ही आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची पोर. पण सूर बरा लागतो हं तिचा!"

अय्या माईकवर तमिळमध्ये असं म्हणाले आणि तिरुवैयारुच्या संगीत उत्सवातली सगळी सभा हसली. अय्या म्हणजे माझे गुरू. मी त्यांच्या मागं तंबोरा घेऊन बसले होते. शेवटच्या रांगेत आई होती. तीपण हसली. हात जोडून.

ते जोडलेले हात काही केल्या विसरत नाहीत.

लहानपणापासून मी अय्यांच्या ओट्यावर शिकले. बाकीच्या मुली आत, चटईवर. मी बाहेर, चपलांशेजारी. एकदा मला ताप आला, तर अय्या स्वतः काढा घेऊन तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आले. उंबरा मात्र ओलांडला नाही. तरी मी त्यांना बाप मानलं.

म्हातारपणी त्यांचा आवाज वरच्या सुरांना फाटायचा. तिथं मागून मी गायची. लोक अय्यांना म्हणायचे, या वयात काय गळा! मी मान खाली घालायची.

तिरुवैयारुत त्या दिवशीही वरचा सूर आला. अय्या थांबले. बोटानं मला खूण केली. मी तोंड उघडलं नाही. मृदंग एकटाच वाजत राहिला. त्यांनी वळून पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. काळीज तुटलं माझं. तरी गायले नाही. तंबोरा आडवा ठेवला आणि उतरले.

बसमध्ये आई म्हणाली, "काय केलीस गे हे? विद्या दिली की त्यांनी."

"आणि बोलले ते?"

"खरंच की बोलले."

भांडी खरीच होती. त्याची लाज नव्हती मला. अय्यांच्या बोलण्यातला तो 'पण' लागला होता. आईला कसं सांगू? तंजावूर येईपर्यंत रडले.

अय्या पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. ते वारले, तेव्हा घरच्यांनी मला ओट्यावरच थांबवलं. तिथून फक्त पाय दिसले.

आता मी घरीच गाणं शिकवते. कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, फार मिळत नाहीत. परवा अय्यांच्या मुलाचा फोन आला. स्मरणार्थ कार्यक्रम आहे, अय्यांची नात गाणार आहे, वरचे सूर तिला झेपत नाहीत.

"मागं बसशील ना? माझ्या अप्पांसाठी तरी?"

"नाही."

फोन ठेवला. मुली शिकायला येऊन बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "आधी एक ऐका. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडात घालायचा नाही. गुरूच्याही नाही. उपाशी राहावं लागलं तरी नाही."