मधली खाच

आमचे मिस्त्री बंदूक खांद्याला लावली की डोळे मिटायचे. नेम धरणारा माणूस एक डोळा मिटतो. हे दोन्ही मिटायचे, गाल दस्त्याला टेकवायचे आणि देवळात उभे असल्यासारखे तसेच राहायचे. बंदूक अर्थातच खोटी. कुवेतमध्ये रमजानच्या महिन्यात घराघरांत ज्या मालिका बघतात, त्यांना लागणारं सगळं खोटं सामान आमच्या कारखान्यात तयार होतं. मी तिथे कलाविभाग सांभाळते. म्हणजे दिग्दर्शकाची चिडचिड मिस्त्रींपर्यंत आणि मिस्त्रींचा हट्ट दिग्दर्शकापर्यंत पोचवते. पहिल्यांदा त्यांना असं डोळे मिटून उभं बघितलं तेव्हा मला वाटलं, माणसाला चक्कर येतेय. मी खुर्ची पुढे केली. ते डोळे न उघडता म्हणाले, "डोळे फसवतत, बाय. खांदो फसवणा नाय."

मिस्त्री मूळचे मालवणकडचे सुतार. लाकूडकामाच्या कंत्राटावर कुवेतला आले आणि राहून गेले. बायको गावी, हे इथे चार कोकणी माणसांबरोबर एका खोलीत. शुक्रवारी शर्कच्या मासळीबाजारात जायचे, पापलेटाचे कल्ले उघडून बघायचे आणि इथल्या पापलेटाला चव नाही असं म्हणत तेच घेऊन यायचे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला की दर वर्षी ठरलेलं वाक्य म्हणायचे, "पुरे झाला, बाय. औंदा जातंय." आणि दर वर्षी नव्या इकाम्यावर सही करायचे. मी त्यांना यावरून खूप चिडवलं. माझंही तसंच चाललेलं असताना मी कोणाला काय बोलावं, पण चिडवलं.

शेवटचं मोठं काम आलं ते जुन्या काळावरच्या एका मालिकेचं. त्यातला म्हातारा बाप रात्रभर गच्चीवर कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, घेऊन घर राखत बसतो. कार्बाइनचा दस्ता मागेपुढे सरकणारा हवा होता. मी तीन नमुने मागवले. एक सडपातळ, धातूचा, वर काळा गुळगुळीत लेप असलेला. दुसरा त्याच आकाराचा, पण कडक प्लास्टिकचा. तिसरा हल्लीचा, रुंद, बरगड्या असलेला, हवा तिथे थांबवता येणारा. तिसरा स्वस्त होता, हाताला छान बसत होता आणि दिग्दर्शकाला पसंत होता. मी दमलेले होते, मलाही तो पसंत होता.

मिस्त्रींनी तो उचललासुद्धा नाही. "हो त्या काळातलो न्हय," म्हणाले. प्लास्टिकचाही बाजूला सारला. तो थोडा नंतरचा, शिवाय घासला तर आतून धातूची चमक निघत नाही. उरला पहिला. तो ज्या नळीवर सरकतो तिला दोनच खाचा. खटका दाबून एक तर पूर्ण आत ढकला, नाहीतर पूर्ण बाहेर ओढा. मधे थांबायची सोय नाही. दिग्दर्शक म्हणाला, पडद्यावर दिसणार काय तर एक काळी पट्टी, कोण बघतंय? मी ते मिस्त्रींना अरबीतून मराठीत करून सांगितलं. ते म्हणाले, "बघणारो बघता." हे उत्तर मी दिग्दर्शकाकडे पोचवलं नाही. वेळ वाढवून मागितला आणि बोलणी खाल्ली.

मग मिस्त्री दस्ता जुना करायला बसले. कडा घासल्या, आणि रोज गाल टेकून झिजते ती जागा कापडाने इतकी मन लावून उजळली की ते बघत बसावंसं वाटे. काम झालं तेव्हा बापाची भूमिका करणारे बू सालेम तिथे आले होते. कितीतरी रमजान दोघांनी एकत्र काढलेले; मिस्त्रींना ते सदीक, म्हणजे मित्र, म्हणत. ना यांना धड अरबी, ना त्यांना धड हिंदी, पण चहा घेत बसत तेव्हा दोघांचं अडलेलं मी कधी पाहिलं नाही. बू सालेमनी दस्ता उलटसुलट केला आणि हसले. "सदीक, ये सिपाही लेफ्ट हँड था?" मिस्त्री स्वतः डावखुरे. आपला गाल लागतो त्या बाजूची झीज त्यांनी काढली होती. "आसात एखादो डावरो!" असं मिस्त्री फणकारले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो उजवी बाजू पुन्हा काळी केलेली आणि डावी घासायला घेतलेली.

तालमी सुरू होण्याआधी बू सालेम आजारी पडले. परत आले ते उजवा हात आखडून. दस्ता बाहेर ओढला की हात पुढे पोचेना, आत ढकलला की कोपर इतकं दुमडावं लागे की त्यांचा चेहरा पांढरा पडे. "ये बहुत दूर. ये बहुत पास," एवढंच म्हणाले. दिग्दर्शकाने दोन उपाय काढले. एक, तो रुंद दस्ता लावायचा. दोन, गच्चीवर बापाऐवजी मुलाला पाठवायचं. दुसरा त्याला जास्त आवडलेला दिसला. गच्चीचा प्रसंग गेला की बापाच्या भूमिकेत घरात खोकण्यापलीकडे काही उरत नव्हतं. बू सालेम ऐकत होते. त्यांनी कार्बाइन टेबलावर ठेवली आणि आपली डोक्यावरची गुत्रा नीट करत बसले. मला ते बघवेना.

मी मिस्त्रींना म्हटलं, "लावा तो रुंद दस्ता. एकदा हट्ट सोडा."

"तो नाय लावूचंय," ते म्हणाले. "माका एक दिवस दी."

सकाळी त्यांनी कार्बाइन माझ्यापुढे धरली. बाहेरून तीच, तसूभर फरक नाही. खटका दाबून दस्ता ओढला, तर तो अर्ध्यावर टक् करून थांबला. नळीला आतल्या बाजूने त्यांनी कानशीने तिसरी खाच पाडली होती.

"मिस्त्री, त्या काळी दोनच खाचा होत्या म्हणालात ना?"

"होत्यो दोनच. ही खोटी आसा." मग म्हणाले, "म्हाताऱ्याचो हात खरो आसा मां? गप रव. कोणाक सांगू नको."

चित्रीकरण दस्मानमधल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर झालं. ऊन उतरलं तरी गच्ची पायाला भाजत होती आणि आम्ही सगळे कंटाळलेले होतो. बू सालेमनी कार्बाइन उचलली, दस्ता अर्ध्यावर ओढून खांद्याला लावला. हात नेमका पोचला. त्यांनी गाल टेकवला आणि दोन्ही डोळे मिटले. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शकाला तो अभिनय वाटला, त्याने वाहवा केली. मिस्त्री जिन्यात उभे राहून घाम पुसत होते. पुसता पुसता त्यांनी डोळेही पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

त्या वर्षी मिस्त्रींनी इकाम्यावर सही केली नाही. विमानतळावर मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पुढच्या वर्षी येताय ना?" ते हसले. "पुरे झाला, बाय." वाक्य तेच होतं, पण या खेपेला बॅगांना दोरी बांधलेली होती. सलवा भागातल्या आमच्या घरी आले आणि नुसती बसून राहिले. मुलीने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, आई?" मी म्हटलं, काही नाही, मिस्त्री गेले. फार एकटं वाटलं मला त्या दिवशी.

रमजान लागायच्या आधीच बू सालेम वारले. मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त "बरा" म्हटलं आणि फोन ठेवला. मालिका लागली, गच्चीचा प्रसंग लोकांना फार आवडला. फक्त एका प्रेक्षकाने इंटरनेटवर त्या प्रसंगाखाली टीप लिहिली, की बाकी सगळं ठीक, पण त्या काळच्या कार्बाइनचा दस्ता असा अर्ध्यावर थांबत नसे. दिग्दर्शक संतापला. खोट्या वस्तूत खोटं शोधणाऱ्या त्या माणसावर नव्हे, आमच्यावर. पुढच्या मालिकेआधी ती खाच बुजवा, असा हुकूम आला.

कशाने बुजवायची, हे विचारायला मी मिस्त्रींना फोन लावला. आधी ती टीप वाचून दाखवली. ते इतके खूश झाले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मी सांगी होतंय मां? बघणारो बघता!" माणूस पकडला गेला होता आणि आनंदाने ओरडत होता. मग मी खाचेचं विचारलं.

फोनमध्ये त्यांच्या पाठीमागे कोंबडा ओरडत होता, कोणीतरी भांडी घासत होतं.

"बुजव, बाय," ते म्हणाले. "आता कोणाक होई ती?"

कार्बाइन सामानाच्या खोलीत वरच्या फळीवर आहे. दिग्दर्शक विचारतो तेव्हा मी काम चालू आहे म्हणून सांगते. कधी फार दमले की तिथे जाऊन ती खाली काढते, दस्ता मधल्या खाचेवर आणते, खांद्याला लावते आणि डोळे मिटते. मलाही तो अगदी बरोबर बसतो.