ओट्याजवळचं घर

"पदर पसर," चेअरमन म्हणाला.

गावच्या शेती सोसायटीचा चेअरमन. गावचा बागायतदार. स्टेजवर उभा राहून नव्या घरांच्या चाव्या वाटत होता. कॉन्ट्रॅक्टरला त्यानं हातात हात घेऊन नारळ दिला. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया पुढं गेल्या की मात्र पदर पसरायचा, अन् तो वरून चावी सोडायचा. बोटाला बोट लागू नये म्हणून.

म्या हात पुढं केला.

"पदर पसर की गं!"

"हात हाय की मला."

लोक हसले. त्यानं चावी सोडली. ती माझ्या पायाशी मातीत पडली.

"उचल. फुकटात मिळतंय तर माज आलाय."

फुकटात? आमची वस्ती सडकेला लागून. तिथं सोसायटीला गोदाम बांधायचं. म्हणून आमाला माळावर घालवायचं. तिथं ना पाणी, ना येष्टी.

अन् आमचा ओटा? दुष्काळात खडी फोडणाऱ्या आमच्याच बायांनी रचलेला. सांजच्याला तिथं बुद्धवंदना व्हायची. लग्नं लागायची. म्या अक्षरं तिथंच शिकले. भवती घरं, दारं समोरासमोर. कुणाची चूल पेटली न्हाय तर शेजारणीला कळायचं, ती भाकर घेऊन यायची. माळावरच्या खोल्या एका रांगेत. दारासमोर नुसतं रान.

म्या वर बघून म्हणलं, "घर पायजेच. पण वस्तीतच बांधा. ओट्याजवळ."

मागून गर्दीतनं माझी आय ओरडली, "उचल गं पोरी, पाया पडते तुज्या!"

म्या न्हाय उचलली.

वस्ती रिकामी झाली. आय बी बोचकं घेऊन गेली. तिला काय बोलू? पावसात गळणाऱ्या छपराखाली तिचा जन्म गेला.

आता म्या एकटीच. सांजच्याला ओट्यावर वंदना म्हणते, मागं म्हणायला कुणी न्हाय. मधीच रडते. खोटं कशाला सांगू, लई एकटं वाटतं.

आज चेअरमनचा माणूस सांगून गेला, उद्या पहारी घेऊन माणसं येणार, ओटा फोडणार. म्या तशीच माळावर गेले. दारोदार म्हणलं, सकाळी या, नुसतं बसायचं हाय. कुणी व्हय म्हणलं न्हाय. आयनं मान खाली घातली.

तरी म्या बसणार. पहार पडायची तर आधी माझ्यावर पडू दे. मला घर पायजे, अन् ते इथंच पायजे.