उंबराचं फूल आणि बारावीचं मराठी

मी नांदेडहून लातूरला मराठी शिकवायला आलो, तेव्हा तिथे गल्लोगल्ली क्लास निघाले होते. फिजिक्सच्या तासाला पोरं भांडून जागा धरायची. माझ्या वाट्याला रविवारचा जेवणानंतरचा तास आला. अर्धा वर्ग पेंगायचा, उरलेला मराठीच्या वहीत गणितं सोडवायचा.

त्यांना जागं ठेवायला माझ्याकडे एकच हत्यार होतं. 'हे कधीच होणार नाही' असं मी दहा तऱ्हांनी सांगायचो. मारुतीचं लग्न होईल तेव्हा, रेडा दूध देईल तेव्हा, तळहातावर केस उगवतील तेव्हा. पोरं हसली की मी फुलून जायचो.

पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं वैर. तिचा निबंध परत देताना मी म्हणालो, "उंबराला फूल येईल ना, तेव्हा तुला मराठीत साठ पडतील."

"उंबराला फूल असतंय की, सर. आतमधी असतंय. बायोलॉजीच्या सरांनी सांगितलं."

मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी तिनं रुमालातून उंबरं आणली आणि ब्लेडनं एक चिरलं. आत बारीक फुलं खच्चून भरलेली. सगळा वर्ग पहिल्यांदाच जागा होता. मला हार मानवेना.

"बरं, पण जमीन हलली तरी तुझं शुद्धलेखन सुधारणार नाही, हे तर खरं?"

कुणी हसलं नाही.

"जमीन हलून झाली, सर," ती वही उघडत म्हणाली. "मी किल्लारीची हाय."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. सहा महिने तिला शिकवत होतो आणि गाव विचारलं नव्हतं. खडू शोधायचं नाटक करत मी फळ्याकडे वळलो.

तास संपल्यावर तिला जिन्यात गाठलं. "चुकलं माझं. घरचे सगळे...?"

"चुलते गेले. आम्ही वाचलो." मग तीच माझी समजूत घालायला लागली. "लई मनाला लावून घेऊ नका, सर. तेवढं ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या."

तेव्हापासून परीक्षेपर्यंत दर रविवारी मी अर्धा तास आधी येऊन तिच्या वह्या तपासल्या.

निकालानंतर ती पेढे घेऊन आली. मराठीत अठ्ठावन्न. पेढा तोंडात टाकताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर 'साठ काही पडले नाहीत!' स्वतःचीच लाज वाटून मी घाईघाईनं फिजिक्सचे मार्क विचारले आणि दुसरा पेढा उचलला.