ह्युगेत बोंपारचे आभार

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या त्या प्रयोगशाळेत ह्युगेत बोंपारबद्दल गोड बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. बाई फटकळ. तेहेतीस वर्षं तिने कण टिपणारे डिटेक्टर सांभाळले आणि त्यांना विनाकारण हात लावणाऱ्याची कधी गय केली नाही. पण तिच्या कामात खोट काढायची कोणाची छाती नव्हती. ती काढली रावियेने.

राविये गटाचा प्रमुख. प्रयोग सांगायला सोपा होता. थंडगार हायड्रोजनचे दहा-बारा रेणूंचे पुंजके वेगाने सोडायचे, वाटेत हीलियमच्या अणूंवर आदळू द्यायचे, आणि प्रत्येक टकरीत पुंजक्याचे किती नि केवढे तुकडे झाले ते मोजायचं. रावियेने गणित आधीच मांडून ठेवलं होतं. धक्का वाढेल तसा सगळ्यांत मोठा तुकडा हळूहळू लहान होत जाईल, असं त्याचं म्हणणं. आलेखावर मात्र एकाच जोराच्या धक्क्याला दोन उंचवटे आले. कधी पुंजका दोन-चार कण सांडून शाबूत राहायचा, कधी त्याचा पार भुगा व्हायचा. अधलंमधलं जवळपास काही नाहीच. रावियेने हौसेने सरासरी काढली, तर ती नेमकी मधल्या खड्ड्यात पडली. तसा मोडणारा पुंजका औषधालाही नव्हता.

आपलं गणित चुकलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. सोमवारच्या बैठकीत अकरा माणसांसमोर त्याने डिटेक्टर तुकडे गाळतात असं जाहीर केलं. एरवी तिला अगंतुगं करणारा त्या दिवशी एकदम अदबीवर आला.

"मादाम बोंपार, तुमचे डिटेक्टर आता तुमच्यासारखेच थकलेत."

दोघंतिघं हसली. ह्युगेतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि हा उपटसुंभ तिच्या आयुष्यभराच्या कामाला डाग लावून तिला घरी पाठवणार होता.

ती भांडली नाही, बेरीज करत बसली. डिटेक्टरने तुकडा गाळला असेल तर सगळ्या तुकड्यांची बेरीज मूळ पुंजक्यापेक्षा कमी भरणार, हे उघड होतं. पाच आठवडे तिने एकेक टक्कर तपासली. त्या हसणाऱ्यांची तोंडं बघायला नकोत म्हणून खाणावळीत जाणंही सोडलं. दोन्ही उंचवट्यांत बेरीज पुरेपूर भरत होती. इतका लहान पुंजका एक तर टिकतो, नाहीतर भुगा होतो. तो मधल्या वाटेने जातच नव्हता.

तिने कागद रावियेच्या टेबलावर आपटले. त्याने ते तासभर वाचले आणि दोन उंचवटे हाच खरा शोध आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मग काय, स्वारी खूश. शोधनिबंध छापून आला. शेवटी एक ओळ होती: डिटेक्टरमधले दोष कुशलतेने दूर केल्याबद्दल मादाम बोंपार यांचे आभार.

"कुठले दोष?" तिने त्याच्या दारात उभं राहून विचारलं.

"अगं, एवढा उशीर का झाला म्हणून लोक विचारणार. काहीतरी लिहायला हवं ना? आणि तुझे आभारच मानलेत की."

ओळ काढा, असं तिने सांगितलं. आता छापून झालं, असं म्हणून त्याने फोन उचलला.

निरोपाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळे पेले घेऊन जमले. प्रमुखाने कौतुक करायचं, जाणाऱ्याने सगळ्यांना धन्यवाद द्यायचे, मग प्यायचं. रावियेने तीच ओळ मोठ्याने वाचून दाखवली. ह्युगेतने पेला खाली ठेवला.

"मी एकही दोष दूर केला नाही," ती म्हणाली. "डिटेक्टरमध्ये दोष नव्हता. चूक यांच्या गणितात होती. ती मी दाखवली, त्याचे आभार यांनी अजून मानलेले नाहीत."

कोणी पेला ओठाला लावला नाही, कोणी तिची बाजूही घेतली नाही. तिने कोट घातला आणि निघून गेली.

तो निबंध अजून वाचला जातो. वाचणारा प्रत्येक जण हेच समजतो की ह्युगेत बोंपारचे डिटेक्टर एकदा बिघडले होते.