खसच्या ताटीआडची धूळ

मानकापूर मागे पडलं तेव्हा कुठे मोनालीने तोंड उघडलं. हुडकेश्वरहून पहाटे निघाल्यापासून ती नुसती चालत होती, आणि तेही अशा तावात की इंदुताईंना मधूनमधून "हळू वं" म्हणावं लागत होतं.

नवरात्रात कोराडीच्या देवीला पायी जायचा इंदुताईंचा नेम जुना. अनवाणी जायचं आणि रस्त्यात कोणाचं वाईट बोलायचं नाही. मोनाली रामटेके त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी, इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करणारी मुलगी. घरी बुद्धवंदना म्हणणारी ही पोरगी देवीला कशाला येते, हे इंदुताईंनी विचारलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून ती म्हणाली होती, मले चालायचं आहे, तुमच्यासंगं येऊ का. चालायचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं, असं मनाशी म्हणून त्यांनी हो म्हटलं.

"ताई, मी सोमवारी जनसुनावणीत उभी राहणार आहो," मोनाली म्हणाली. "माझंच नाव असलेला पेपर चूक आहे म्हणून सांगणार आहो."

मागून ट्रक आला. इंदुताईंनी तिला दंडाला धरून कडेला ओढलं आणि मग दंड सोडलाच नाही. पोरीचं अंग तापल्यासारखं लागत होतं.

पेपरचं प्रकरण त्यांना अर्धंमुर्धं ठाऊक होतं. मोनाली कन्हानची. कोळशाचे ट्रक ज्या वळणावर वळतात तिथे तिचं घर. तिची आई भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा दिवसातून दोनदा पुसायची आणि दोन्ही वेळा फडकं काळं व्हायचं. कपडे घरात वाळवायचे, पाण्याच्या माठावर कापड आणि त्यावर ताटली. शाळेत बाईंनी विज्ञानाचा प्रयोग करून आणा म्हटलं तेव्हा सगळ्या मुलींनी मोड आलेली मटकी नेली. हिने रात्रभर छपरावर ठेवलेली पांढरी बशी नेली, तिच्यावर बोटाने स्वतःचं नाव लिहून. बाई हसल्या आणि बशी धुऊन आण म्हणाल्या. ती गोष्ट सांगताना मोनाली कधी हसायची नाही.

पुढे ती हवेतली धूळ मोजणाऱ्या सेन्सरवरच संशोधन करू लागली. डब्याएवढं यंत्र. आतला इवलासा पंखा हवा ओढतो, हवेवर प्रकाशाचा बारीक किरण पडतो, धूळ जितकी जास्त तितका प्रकाश विखुरतो आणि त्यावरून आकडा निघतो. बाजारातलं मोठं यंत्र लाखांचं, हे एखाद्या मोबाइलच्या किमतीत. वस्तीवस्तीत लावता येईल, लोकांना आपली हवा आपणच बघता येईल, हे तिचं म्हणणं. गाइड सरांनाही ते आवडलं. तिने पहिलं यंत्र लावलं ते आपल्याच वळणावर, शेजारच्या बायजाबाईच्या अंगणात.

बायजाबाईला इंदुताई ओळखत होत्या. खोकल्यासाठी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवायला आली तेव्हा दोन दिवस मोनालीच्या खोलीवर राहिली होती. दुपारी खाली येऊन न सांगता इंदुताईंची मेथी निवडून दिली, आणि काडी चुकून राहिली असेल तर माफ करजा, असं दोनदा म्हणाली.

यंत्र लावताना मोनालीने तिला एकच गोष्ट बजावली होती. हे तापलं की बंद पडतं, उन्हात जप. त्यानंतर एप्रिल-मे ती कन्हानला फिरकलीच नाही. कॉलेजात तपासणीची समिती यायची होती आणि सरांनी तिला त्या कामाला जुंपलं होतं. यंत्राचे आकडे मोबाइलच्या नेटवर्कवरून सरांच्या कॉम्प्युटरवर येत होते. त्यांवर पेपर सरांनीच लिहिला, दुसरं नाव तिचं टाकलं आणि पाठवून दिला.

पाऊस लागायच्या आधी यंत्र उतरवायला ती गेली तेव्हा तिला ते दिसेचना. चहूबाजूंनी खसच्या, वाळ्याच्या गवताच्या ताट्या बांधलेल्या, वरून ओलं पोतं. बायजाबाईने स्वतःच्या कूलरच्या ताट्या काढून यंत्राला लावल्या होत्या आणि सकाळ-दुपार त्यावर तांब्याने पाणी मारलं होतं. कूलर नुसता गरम हवा फेकत होता. मेच्या त्या भट्टीत म्हातारी तशीच बसून राहिली.

"पाह्य पोरी, तुयी मशीन एक दिवस तापू नाही देली," ती म्हणाली होती.

"मी काय बोलू तिले?" मोनालीने विचारलं. "मीच म्हटलं होतं ना जप म्हणून. मी म्हटलं, लई चांगलं केलं मावशी. अन् संडासात जाऊन रडली."

ओल्या खसने धूळ बाहेरच अडवली होती. आत गेली ती गाळलेली हवा. ट्रकच्या वळणावरची, ऐन उन्हाळ्यातली हवा त्या आकड्यांत एखाद्या बागेतल्यासारखी स्वच्छ दिसत होती.

रस्त्याच्या कडेला एका मंडळाचा मांडव होता. पायी जाणाऱ्यांना चहा आणि साबुदाण्याची खिचडी देत होते. मोनाली नको म्हणाली, तर चहावाला म्हणाला, "देवीचा आहे ताई, ह्याच्यात उपासाचंही काही मोडत नाही अन् रागाचंही." तिच्या तोंडाकडे बघून त्याने ते बरोबर ओळखलं होतं. तिने कप घेतला आणि तसाच धरून ठेवला.

चुका होतात, हे इंदुताईंना पटत होतं. बायजाबाईची झाली, मोनालीची झाली. पण मोनालीचा राग चुकीवर नव्हता, चुकीनंतर जे झालं त्यावर होता. कन्हानहून परत आली त्याच दिवशी ती सरांकडे गेली. पेपर तेव्हा छापलेला नव्हता, एका मेलवर थांबवता आला असता. तिने त्यांना दमटपणाचे आकडे दाखवले. यंत्र धुळीसोबत हवेतला ओलावाही मोजतं, कारण ओलाव्याने धुळीचा आकडा फुगतो आणि तो गणिताने खाली आणावा लागतो. मे महिन्याचा ओलावा सत्तर टक्के होता. गणिताने इमानदारीने धूळ आणखी खाली आणली होती.

"सत्तर, ताई. मेमध्ये. नागपुरात."

इंदुताईंना विज्ञान फारसं कळत नव्हतं, पण हे कळायला विज्ञान लागत नव्हतं. मेमध्ये इथे ओठ फुटतात, धुतलेली साडी दोरीवर टाकून वळेपर्यंत कोरडी होते, आणि म्हणून तर घरोघरी कूलर.

"पेपर तपासणाऱ्या परदेशातल्या माणसाले नाही समजलं, मी समजू शकते," मोनाली म्हणाली. "पण सर तर प्रताप नगरात राहतात. दोन कूलर आहेत घरी. त्यायनं तो आकडा पाहून माझ्या तोंडावर सांगितलं, सेन्सर थोडा इकडेतिकडे होतच असतो."

"ते कूलर काय शोभेले ठेवले का मेल्यानं?" इंदुताईंच्या तोंडून गेलं. गेलं ते गेलं. त्यांनी देवीच्या दिशेने हात जोडले, पण शब्द परत घेतला नाही.

पेपर ऑगस्टमध्ये छापून आला. सरांचा सत्कार झाला, स्वस्त सेन्सर, समाजोपयोगी संशोधन, असं बरंच बोललं गेलं. मोनालीलाही फूल मिळालं. आणि गेल्या आठवड्यात तिला कळलं की कन्हानच्या बाजूला कोळसा धुण्याचा जो कारखाना आहे, त्याला दुप्पट व्हायचंय आणि त्याच्या अहवालात तो पेपर आहे. वस्तीतली धूळ मर्यादेत असल्याचं स्वतंत्र संशोधनातून सिद्ध झालं आहे, असं त्यात लिहिलंय. सोमवारी त्यावरच सुनावणी. ट्रक दुप्पट होणार ते बायजाबाईच्या वळणावरून.

ती पुन्हा सरांकडे गेली. या वेळी ओरडली. पॅसेजमधले लोक थांबून बघत होते इतकी ओरडली. सरांनी दार लावलं, तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ते शांत होते, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. पेपर मागे घेता येईल, ते म्हणाले, पण कारण नीट द्यावं लागेल.

"एका अडाणी बाईनं यंत्राशी छेडछाड केली, एवढं लिहून दे. तुझ्यावर काही येत नाही, माझ्यावर काही येत नाही."

चहाचा कागदी कप मोनालीच्या हातात चुरगळला. चहा मनगटावरून ओघळला, तिने पुसला नाही. इंदुताईंनी पदराने पुसला.

तिने लिहून दिलं नाही. मी सांगितलं म्हणून तिने केलं असं लिहीन, ती म्हणाली, आणि जूनमध्येच तुमाले माहीत होतं हेही लिहीन. सर म्हणाले, मग तुझ्या थिसिसवर मला पुन्हा विचार करावा लागेल. पाच वर्षांचं काम, त्यांच्या एका सहीसाठी थांबलेलं.

त्या दोघी पुन्हा चालू लागल्या. पुढे वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. इंदुताईंच्या मनात येत होतं की हिला सांगावं, सही होऊ दे, मग बोल. आईने तेच सांगितलं असतं. पण मग सोमवार निघून जाईल, आणि सुनावणीनंतर बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? त्यांनी नुसतं विचारलं, घरी सांगितलंस का.

"आईले सांगितलं. आई म्हणे, बोल. बाबा जेवण अर्धं टाकून उठले."

"अन् तू घाबरली आहेस?"

"घाबरली नाही. राग येऊन राहिला. रात्री झोपेत दात चावते मी, सकाळी जबडा दुखते." थोडं थांबून ती म्हणाली, "राग घेऊन उभी राहिली तर बोलता येईल की नाही, हे मले माहीत नाही. पण बोलीन."

"कागदावर लिहून ने."

"लिहिलं आहे. ते नाही माझं काम तुमच्याकडे."

ती थांबली. अंगावर चुनरी घेतलेल्या बायांचा एक घोळका दोघींच्या बाजूने पुढे गेला. मोनालीने इंदुताईंकडे सरळ बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बायजामावशी सुनावणीले येणार आहे. अख्खी वस्ती येणार आहे, तिले घरी ठेवता नाही येत. काल मी तिले सगळं सांगितलं, खसचं पण. नुसती म्हणे, मग मायामुळे झालं काय वं. मी किती सांगितलं, नाही मावशी, माझ्यामुळे झालं. तिच्या डोक्यात नाही शिरत. दवाखान्यात सिस्टरनं रागावलं तरी हात जोडते ती, बसमध्ये कोणी तिच्या पायावर पाय देला तरी तीच माफी मागते."

इंदुताईंनी मान हलवली. मेथीची काडी त्यांना आठवत होती.

"मी तिथं खसचं नाव घेतलं की ती उठणार, ताई. कलेक्टर ऑफिसचे साहेब बसले असतील, कारखान्याचे लोक बसले असतील, सर असतील, अन् ती सगळ्यायच्या समोर हात जोडून माफी मागणार. त्यायले तेच पाहिजे. मी समोर माइकवर राहीन, मले तिच्यापर्यंत पोचता येणार नाही." तिचा आवाज आता वर गेला नव्हता, खाली गेला होता. "तुम्ही येता का सोमवारी? तिच्या बाजूले बसा. तिचा हात धरून ठेवा, कितीही ओढला तरी. तिले उठू देऊ नका."