लिंबू, चार चाकं आणि आई

मंडळी, आज सकाळी मी तरंगले. खरंच सांगते.

किती दिवस नुसते व्हिडिओ बघत होते, शेवटी लाँगबोर्ड घेतलाच. स्केटबोर्डचा लांबडा, संथ भाऊ. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे नवा काँक्रीटचा रस्ता झालाय, एकदम गुळगुळीत. ऊन चढायच्या आत तिथे पोचले. मागोमाग आई, हातात हळदकुंकवाची वाटी.

"चार चाकां आसत ना? मगे ती गाडीच," म्हणत तिने बोर्डाला कुंकू लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

मी एक पाय बोर्डवर टाकून दुसऱ्याने जोरात ढकललं. एवढंसं चाक, ते लिंबावर चढणार कसं? बोर्ड जागच्या जागी आणि मी रस्त्यावर. लिंबाला साधा ओरखडा नाही यार!

आई हसून हसून कठड्यावर बसली. मग तिनेच लिंबू उचललं. "जा आता. दृष्ट निघाली."

आणि मी गेले. गुडघे सैल सोडले, तशा झाडांच्या सावल्या पायाखालून मासळीसारख्या सरकायला लागल्या. सगळं शांत, नुसती चाकांची घरघर.

परत आले तर आईने चपला काढून ठेवलेल्या. "माका पण एकदा उभी रवांदे गो."

ती बोर्डवर चढली आणि तिचे दोन्ही हात धरून मी हळूहळू चालत राहिले. तिने डोळे मिटले. "होडयेत असल्यासारखा वाटता."

बऱ्याच वेळाने मी थांबले. डोळे न उघडताच तिने विचारलं, "रस्तो संपलो काय?"

याहून लांब रस्ता कुणाला माहीत आहे का? आईला हवाय.