नळ्या करणाऱ्या मावशी

मावशी स्वतः केलेला स्वयंपाक कधी चाखत नसत. झाकण उघडून वाफ नाकाशी घेत, "मीठ कमी हाय," म्हणत आणि चिमूटभर टाकत. ते बरोबरच निघायचं. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये त्यांनी सहा वर्षं असा स्वयंपाक केला. तिथली व्यवस्था मी बघायचे.

एकदा मी हसत विचारलं, "मावशी, जिभेवर ठेवून का बघत नाही?"

"पहिल्या घरी कामाला लागले तवा बाई म्हणाली, भांड्यात तुझं उष्टं नको. मग नाकालाच शिकवलं, ताई." त्या कांदा चिरत राहिल्या.

मशिनी बसवायला इटलीहून आलेला एक इंजिनिअर मांस खात नसे आणि आमचं तिखटही त्याला झेपत नसे. बिचारा ब्रेड-केळ्यांवर दिवस काढत होता. मावशींनी त्याला ओट्यापाशी उभं केलं आणि खाणाखुणांनी पास्ता शिकून घेतला. पास्त्याला त्या 'नळ्या' म्हणत. राजमा सकाळीच भिजत घालायच्या, दुपारी शिजवून ठेवायच्या. संध्याकाळी कारखान्यातून पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली की एकीकडे नळ्या उकळत. दुसरीकडे लसूण, कांदा, टोमॅटो, गाजर, ढोबळी मिरची परतून त्यात राजमा पडे. मंडळी हातपाय धुऊन टेबलाशी येईपर्यंत जेवण तयार.

मी एकदा नळ्यांचं पाणी सिंकमध्ये ओतायला निघाले तर त्यांनी पातेलंच धरलं. "ते ओतू नका. त्याच्यातच चिकटपणा असतो, त्यानंच रस्सा नळ्यांना धरतो." घरी मी आजही तसाच पास्ता करते. राजमा शिजवलेला असला की पंधरा-वीस मिनिटांत होतो. मुलं ताटं चाटूनपुसून खातात.

मग ॲडमिनला नवे साहेब आले. पहिला आठवडाभर ते नळ्या मागून मागून खायचे. "मावशी, हॉटेलात असा पास्ता मिळत नाही हो!" पुढच्या सोमवारी त्यांनी कामगारांचे कागद तपासायला घेतले. मावशींचा कागद हातात घेऊनच ते स्वयंपाकघरात आले. मी मागे होते.

"हे आडनाव... तुम्ही कोण लोक?"

"आम्ही बौद्ध."

"घरी मटण वगैरे होत असेल?"

"रविवारी होतं. इथं कधी आणलं न्हाई, साहेब."

"नाही, तसं नाही. पण हे व्हेज किचन आहे. लोकांच्या भावना असतात."

ज्या लोकांच्या भावना असतात म्हणे, ते सगळे सहा वर्षं त्यांच्या हातचं जेवले होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून कायम झाले नव्हते. मी फ्रीजवर चिकटवलेली दुधाची यादी वाचत राहिले. त्या आठवड्याच्या शेवटी मावशींचं काम सुटलं.

दुसरीकडे काम मिळायला अनुभवाचं पत्र लागेल म्हणून मी ते घेऊन पिंपरीला त्यांच्या घरी गेले. तेवढं तरी करावं, असं वाटलं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मावशींनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत पत्र वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"साफसफाई मदतनीस. म्हंजे कोण?"

"साहेबांनी तसंच लिहायला सांगितलं, मावशी. स्वयंपाकाचं लिहिलं असतं तर त्यांनी सही केली नसती."

"टाइप कुणी केलं?"

"मी."

त्यांनी पत्राची नीट चौपदरी घडी घातली आणि माझ्या पर्सवर ठेवली.

"हे कुणा दुसऱ्या बाईचं हाय, मॅडम. तिला नेऊन द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. चहाचं त्यांनी विचारलं नाही. त्या विचारतील म्हणून मी थोडा वेळ बसून राहिले, मग चपला घालून निघाले.